मुहूर्त पलीकडचा, वय तेच

(किशोरवयीन मुलींबद्दल कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागातून आलेल्या चार पत्रांना वकीलताईंची उत्तरे)

प्रश्न : थोरलीला सतरावं लागलंय, एसएसएलसी (दहावी) झाली. महाराष्ट्रातल्या चंदगडकडचं स्थळ आलंय, मुलगा कमावता. पाहुणे म्हणतात, लग्न तिकडं लावू, म्हणजे कर्नाटकाचा कायदा लागत नाही. आता नुसत्या अक्षता टाकू, नांदायला अठरा झाल्यावर पाठवू. चालेल का?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : नाही चालणार, ताई. सीमेवरची शिनोळी ओलांडली की दुकानांच्या पाट्या बदलतात, पोरीचं वय नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आणि केंद्राचा आहे, तो दोन्हीकडं लागू. मुलीला १८, मुलाला २१ पूर्ण हवीत. गुन्हा लग्न लावण्याचा आहे, त्यामुळे नांदायला कधी पाठवता याला अर्थ नाही. लग्न लावणारे, ठरवणारे, भटजी, सगळे त्यात येतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. या कायद्यात बाईला तुरुंगवास नाही, म्हणून बायकोचं नाव पुढं करणारे बाप असतात, त्याचाही उपयोग होत नाही.

आता पाहुणे सांगत नाहीत ते ऐका. कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं असं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलंय. महाराष्ट्रात ते आपोआप रद्द होत नाही. मुलीनं स्वतः कोर्टात जाऊन रद्द करून घ्यायचं, तेही वीस पुरी व्हायच्या आत. म्हणजे पलीकडं लग्न लावून तुम्ही कायद्यातून सुटत नाही, पोरगी मात्र जास्त अडकते.

घरात भाग्यलक्ष्मीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मुलींसाठीच्या योजनेचा, बॉण्ड असेल तर ट्रंकेतून काढून बघा. अठराच्या आत लग्न झालं तर त्या पैशाला मुकाल.

पाहुण्यांना तोंडावर नाही म्हणणं जड जातं, कळतं मला. ‘पोरीचं पीयूसी (बारावी) होऊ दे, मग तिलाच विचारू’ एवढंच म्हणा. ते ऐकत नसतील तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करा किंवा तालुक्याच्या सीडीपीओंना (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना) भेटा. लग्नाआधी कोर्टाचा मनाई हुकूमही मिळतो.

प्रश्न : मी सोळा वर्षांची. मराठी शाळेतून पास झाले, कॉलेज निपाणीला. स्टँडवर पोरं मागं लागतात, म्हणून दादा म्हणतो, घरी बसून विड्या वळ. काय करू?
– तुमची एक वाचक

उत्तर : बाळ, त्रास देणारा स्टँडवर मोकळा आणि कॉलेज तुझं बंद, हा न्याय दादाला तरी पटतोय का, विचार. अठराखालच्या मुलीच्या वाईट हेतूनं सतत मागं लागणं पोक्सोत, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कोणी अंगाला हात लावला, धमकी दिली, तर १०९८ किंवा ११२.

पण रोजचा उपाय बसचा आहे. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, म्हणजे खर्चाची सबब गेली. वेळेची राहिली. कॉलेज सुटायच्या पाच मिनिटं आधी निघून जाणारी फुकटची बस काय कामाची! गल्लीतल्या तिघी-चौघी मिळून पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा, मक्कळ ग्रामसभा कधी आहे. वर्षातून एकदा मुलांसाठीची ही सभा घ्यायचीच असते. तिथं बसच्या वेळेचा अर्ज द्या आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. भाषेचं भांडण आहेच आपलं, ते वेगळं लढू. त्यात तुमची बस अडकायला नको.

प्रश्न : सारखे मुलींचे हक्क! मुलांना नाहीत का? आपल्यासारख्या गरीब देशानं आधी पोट भरावं की हक्क मोजावेत?
– एक वडील, चिक्कोडी तालुका

उत्तर : मुलांनाही आहेत. पण दहावीनंतर कोणाचं दप्तर आधी माळ्यावर जातं, ते तुमच्याच गल्लीत बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.३ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पोटाचंच म्हणाल, तर कोवळ्या वयाच्या बाळंतपणात झटके येण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका जास्त, बाळही कमी वजनाचं होण्याची भीती. त्या दवाखान्याचं बिल कोण भरतं? तुम्हीच, सावकाराकडून आणून.

प्रश्न : शाळेतल्या निळ्या गोळीनं पुढं मूल होत नाही म्हणतात. खरं?
– एक आजी, बेळगाव तालुका

उत्तर : खोटं, आजी. ती लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी, आठवड्याला एक. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्त कमी निघालं, म्हणून देतात. जेवल्यावर घ्यायला सांगा, वर लगेच चहा नको. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका.