वाचकांचे भाषाप्रश्न : ‘टू मीट’ की ‘टू मीटिंग’?

प्रश्न : मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले आहे. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका ग्राहकाला पाठवायच्या पत्राच्या शेवटी मी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू ऑन द ट्वेल्थ’ असे लिहिले होते. साहेबांनी ‘मीट’ खोडून ‘मीटिंग’ केले. ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूपच येते, असे आमच्याकडून शाळेत घोकून घेतले होते. मग बरोबर काय? शेजारच्या टेबलावरचे सहकारी ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय’ असे लिहितात, तेही चालते का? पत्राची प्रत सोबत जोडली आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण पाठवलेली प्रत माझ्यासमोर आहे. ‘मीट’वर लाल शाईची आडवी रेघ आहे आणि वरच्या दोन ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत ‘मीटिंग’ दाटीवाटीने बसवले आहे. कारण मात्र कुठेच लिहिलेले नाही. दुरुस्ती बरोबर आहे. पण कारण न सांगता केलेली दुरुस्ती त्या एका पत्रापुरतीच उपयोगी पडते, पुढच्या पत्रात पुन्हा तीच शंका उभी राहते. म्हणून कारण जरा विस्ताराने सांगतो.

शाळेत शिकवलेला नियम खोटा नाही. तो एका ‘टू’चा नियम आहे आणि आपल्या वाक्यात आलेला ‘टू’ दुसरा आहे. ‘आय वॉन्ट टू मीट हिम’ किंवा ‘शी डिसायडेड टू गो’ यांतला ‘टू’ केवळ क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण म्हणून येतो, त्याला स्वतःचा असा अर्थ जवळजवळ नसतो. ‘ही वेन्ट टू सुरत’ किंवा ‘गिव्ह इट टू मदर’ यांतला ‘टू’ मात्र नामाला धरून येतो आणि मराठीत आपण ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून जे काम करतो ते काम करतो. ‘लुक फॉरवर्ड टू’ यातला ‘टू’ हा दुसऱ्या जातीचा आहे. ‘लुक’ म्हणजे पाहणे, ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे. पुढे पाहायचे ते कशाकडे, हे ‘टू’ सांगतो, आणि ‘कशाकडे’ या प्रश्नाचे उत्तर नामानेच द्यावे लागते. तिथे क्रिया सांगायची असेल, तर त्या क्रियापदाचे आधी नाम करून घ्यावे लागते. ‘मीट’चे असे झालेले नाम म्हणजे ‘मीटिंग’.

हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपण मराठीत रोज हेच करतो. ‘आपल्याला भेटण्याची वाट पाहते’ हे वाक्य घ्या. ‘वाट’ या शब्दाला मागे ‘ची’ हवा असतो, पण तो प्रत्यय ‘भेटते’ला लावता येत नाही, ‘भेटतेची वाट पाहते’ असे तीन वर्षांचे मूलही म्हणणार नाही. ‘भेट’ या धातूपासून आपण आधी ‘भेटणे’ हे धातुसाधित नाम करतो, त्याचे सामान्यरूप ‘भेटण्या’ होते आणि मग त्याला ‘ची’ लागतो. शिवाय ‘भेटणे’ नाम झाले तरी त्याचे ‘आपल्याला’ हे कर्म सुटत नाही, तसेच ‘मीटिंग’ नाम झाले तरी त्याचे ‘यू’ सुटत नाही. आपण तर बडोद्यात राहता. मंगळबाजारात किंवा सोसायटीच्या दारात ‘मळवानी राह जोउं छुं’ असे गुजराती वाक्य आपल्या कानावर पडतच असेल. तिथेही ‘मळवुं’चे ‘मळवा’ होते आणि मगच ‘नी’ लागतो. हा नियम आपल्या तोंडी दोन भाषांमधून आधीच बसलेला आहे, आणि तो इंग्रजी शिकवताना कुणी आपल्याला दाखवून दिला नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. मराठी माध्यमातून शिकल्यामुळे ही चूक झाली असे आपल्याला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाकावे. मराठीचा आधार घेतला असता तर ही चूक टळली असती.

हेच साम्य आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. येणारी व्यक्ती दुसरी असेल तर ‘वी लुक फॉरवर्ड टू युवर कमिंग’ लिहावे की ‘यू कमिंग’, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मराठीत ‘तुमच्या येण्याची’ आणि ‘तुम्ही येण्याची’ अशी दोन्ही रूपे आपण वापरतो आणि पहिले रूप अधिक औपचारिक वाटते. इंग्रजीतही तसेच आहे. औपचारिक पत्रात ‘युवर’ लिहावे. घरच्या पत्रात ‘यू’ लिहिले तर ते चूक नाही.

दोन ‘टू’ ओळखायला एक सोपी कसोटी आहे. क्रियापदाच्या जागी साधे नाम ठेवून वाक्य वाचून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ हे वाक्य नीट उभे राहते, ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ हे राहत नाही. या कसोटीने ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अकस्टम्ड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ हेही ‘लुक फॉरवर्ड टू’च्याच घरातले आहेत हे कळते आणि त्यांच्यापुढेही ‘इंग’ लावलेले रूप येते. सर्वांत जास्त फसगत ‘यूज्ड टू’ करते. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन आणंद’ म्हणजे मी पूर्वी आणंदला राहत असे, आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे मला एकटे राहण्याची सवय आहे. पहिला ‘टू’ शाळेतल्या नियमाचा आणि दुसरा आपल्या पत्रातला. कसोटी सर्वत्र चालत नाही, हेही सांगायला हवे. ‘अ‍ॅग्री टू द प्रपोजल’ बरोबर आहे म्हणून ‘अ‍ॅग्री’पुढे क्रियापदही ‘इंग’ लावून येईल असे समजू नये, तिथे ‘वी अ‍ॅग्रीड टू मीट’ असेच लिहितात. काही क्रियापदांना दोन्ही ‘टू’ लागतात आणि ती वाचनातूनच अंगवळणी पडतात.

आपल्या सहकाऱ्यांचा ‘फॉर’ चालणार नाही. तो कुठून आला हे मात्र समजण्यासारखे आहे. ‘वाट पाहणे’ म्हटले की मनात ‘वेट फॉर’ येते आणि त्याचा ‘फॉर’ इकडे येऊन चिकटतो. या दोन प्रयोगांच्या अर्थांतही अंतर आहे, आणि ते ध्यानात घेतले तर रूपही चुकत नाही. मराठीत वाट बसची पाहतात, निकालाची पाहतात, पाहुण्यांचीही पाहतात. त्यात आनंद असेलच असे नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये आनंद गृहीत असतो. सयाजी रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या माणसाने ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू द ऑपरेशन’ असे लिहिले, तर वाचणारा थबकेल. ‘वेटिंग फॉर’ लिहिले तर सरळ अर्थ लागेल. सांत्वनाच्या पत्रात तर हा प्रयोग कधीच करू नये. उलट व्यावसायिक पत्रात ‘आय एक्स्पेक्ट युवर रिप्लाय’ हे वाक्य हुकूम सोडल्यासारखे वाटते, तिथे ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ यात हवा तेवढा मान राखला जातो.

आपण ‘आय लुक’ लिहिलेत आणि सहकारी ‘लुकिंग’ लिहितात, त्याविषयी थोडक्यात सांगतो. ‘आय लुक फॉरवर्ड’ औपचारिक आहे, ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड’ जरा जवळिकीचे आहे, आणि दोन्ही शुद्ध आहेत. नुसत्या ‘लुकिंग’ने सुरू होणारी ओळ जुन्या पत्रांत ‘आय रिमेन, युवर्स फेथफुली’ या शेवटाला जोडलेली असे, त्यामुळे तिला कर्ता मिळत असे. आता तो शेवट लिहिण्याची पद्धत फारशी राहिली नाही आणि ‘लुकिंग’ची ओळ कर्त्यावाचून लोंबकळत राहते. ओळखीच्या माणसाला पाठवलेल्या दोन ओळींच्या निरोपात ती खपून जाते. अर्जात किंवा ग्राहकाच्या पत्रात मी ती लिहिणार नाही.

सहकाऱ्यांनी ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ असे लिहावे, किंवा क्रियापदच वापरायचे असेल तर ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’ असे लिहावे. आपल्या वाक्यात ‘मीटिंग’खेरीज काहीच बदलायला नको, ‘ऑन द ट्वेल्थ’ आपण बरोबर लिहिले आहे.