दिल्लीत तिकिटांचं म्युझियम आहे, पोराला नेऊ का?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला चाललोय. मुलगा ११ वर्षांचा, आजोबांचा तिकिटांचा अल्बम हातात पडल्यापासून नुसता त्याच्यातच असतो. तिथलं पोस्टाच्या तिकिटांचं म्युझियम दाखवावं का, की बोअर होईल? आणि घरी जुन्या पाकिटांचा गठ्ठा आहे, तिकिटं कशी काढायची? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: न्या की! संसद मार्गावर डाक भवनात आहे, पटेल चौक मेट्रोला उतरायचं. फक्त सरकारी इमारत आहे, ऐन सणाच्या दिवशी जाऊन कुलूप बघून परत येऊ नका.

बोअरचं म्हणाल तर एकेक फ्रेम वाचत बसलात तर मोठी माणसंपण जांभया देतील, त्यापेक्षा पोराला दोन-तीन तिकिटं शोधायला लावा. आधी सिंध डाक, १८५२ चं, आशियातलं पहिलं तिकीट, किंमत अर्धा आणा. हे काढणारे बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. सुरुवातीची लाल तिकिटं लाखेसारखी होती, त्यांचे तुकडेच पडायचे, म्हणून आज ती मिळणं महामुश्किल. मग १९४७ चं साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि ‘जय हिंद’वालं. आणि १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं, त्यावर ‘बापू’ देवनागरीत आणि उर्दूत लिहिलंय. चारातलं मोठं दहा रुपयांचं, तेव्हाचे दहा रुपये म्हणजे पत्रावर कोण चिकटवणार हो! आता गंमत बघा, तुमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटं छापतायत, पण ही चार छापून आली स्वित्झर्लंडहून. पोराला हे तिथंच सांगा, घरी नको.

आता पाकिटं. आधी थांबा! शिक्का स्पष्ट असेल, गाव-तारीख वाचता येत असेल तर तिकीट काढूच नका, अख्खं पाकीट ठेवा, बऱ्याचदा सुट्या तिकिटापेक्षा त्यालाच जास्त मोल असतं. बाकीच्यांचा तिकिटाभोवतीचा कागद कापून कोमट पाण्यात ठेवा, तिकीट आपोआप सुटलं की चिमट्याने उचलून टिपकागदावर उलटं वाळवा. रंगीत पाकिटं वेगळी भिजवा, रंग उतरतो. आणि लॅमिनेशन, फेविकॉल, सेलोटेप यातलं काहीही आजोबांच्या अल्बमजवळसुद्धा नको.