लंडनचा भाव साताऱ्यात मिळत नाही

प्रश्न: वय 46, नोकरी साताऱ्यात. सात लाखांची एफडी पुढच्या महिन्यात संपते. ओळखीतल्या एकाकडे मराठा सरदाराचा लढाईतला टोप आहे, साडेचार लाख मागतोय. असाच टोप लंडनच्या लिलावात दुप्पट किमतीला गेल्याचं त्याने मोबाइलवर दाखवलं. मुलगी दहावीत आहे. गुंतवणूक म्हणून घ्यावा का?

उत्तर: गुंतवणूक म्हणून नको.

आधी त्या लंडनच्या भावाचं बघू. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. टोप खरा असेल तर तो लंडनला जाणार नाही, आणि नकली असेल तर तिथे त्याला कोणी विचारणार नाही. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक इथलंच, आणि तेही मोजकं.

आता खरेपणा. माझ्याकडच्या एका गुंतवणूकदाराने असाच टोप घेतला होता. तो दाखवायला आम्ही एका जाणकाराकडे गेलो, तर त्यांनी हातात घेताच तो उलटा केला. बाहेरून गंज चढवणं सोपं असतं. आत मात्र हातोडीचे ठोके, कमीजास्त जाडी, अस्तर शिवायच्या भोकांच्या झिजलेल्या कडा दिसायला हव्यात. जाडी सगळीकडे एकसारखी आणि वेल्डिंगची घासलेली रेघ दिसली, तर पत्रा आजचा. जुना गंज गडद तपकिरी, धातूला धरून बसलेला असतो. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर संशय घ्या. सोन्याचं काम कोफ्तगिरीचं (लोखंडावर बारीक चरे पाडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवलेलं) असेल तर झिजलेल्या जागी बारीक आडवेउभे चरे दिसतात, मुलाम्याखाली ते नसतात. पण कोफ्तगिरी उदयपूरला आजही होते, त्यामुळे एवढ्यावरून वय ठरत नाही. मानेवरच्या जाळीच्या कड्या रिव्हेटने जोडलेल्या असतील तर चांगलंच. नुसत्या टोकाला टोक भिडवलेल्या कड्याही जुन्या हिंदुस्थानी टोपांवर असतात, त्यावरून टोप नकली ठरवू नका.

आमच्या त्या टोपाची वाटी जुनी निघाली, जाळी आणि नाकपट्टी मात्र नवी. पैसे अख्ख्या जुन्या टोपाचे गेले होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण घेण्याआधी त्या गुंतवणूकदाराने जाणकाराला विचारलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं.

सरदाराचं नाव लोखंड सांगत नाही. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या कित्येक शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेला मजकूर आहे. तुमच्या टोपावर तसं काही आहे? घराण्याच्या दप्तरात, जुन्या फोटोत तो दिसतो? नसेल तर नावाचा एक रुपयाही देऊ नका.

हिशेब साधा आहे. एफडीवर सात टक्के व्याज धरलं तर साडेचार लाख दहा वर्षांत, कर सोडून, पावणेनऊ लाखांच्या वर जातात. विकताना 15 टक्के कमिशन धरलं तर टोप साडेदहा लाखांना जायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी. नफ्यावर करही लागू शकतो. मधल्या दहा वर्षांत व्याज शून्य.

मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाला दोन-तीन वर्षंच उरलीत. सातही लाख पुन्हा एफडीतच ठेवा. टोपाचा खरंच ध्यास असेल तर त्यासाठी पगारातून वेगळी पुंजी साठवा, आणि पुरावस्तू विक्रीचा परवाना असलेल्याकडूनच घ्या. सध्याच्या विक्रेत्याला मात्र आजच विचारा: टोप कोणत्या शतकातला आणि त्याचे कोणते भाग मूळचे, हे पावतीवर सहीनिशी लिहून देणार का?