जुने बाँडपट डिस्कवर घ्यावेत का? वडिलांसाठी असतील तर घ्याच

तुमचा प्रश्न असा: वडिलांनी ऐंशीच्या दशकात जळगावात व्हिडिओवर जेम्स बाँड पाहिला, आता ते रिटायर झालेत, त्यांना ब्लू-रेचा संच आणून द्यावा, की फोनवर मिळेल ते पुरे? आणि सुरुवात कुठून करावी?

संच आणा. फक्त सुरुवात पहिल्या चित्रपटापासून करू नका. पहिल्या रात्री 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' लावा. १९६३चा, मालिकेतला दुसरा. का ते सांगतो, पण आधी कॅसेटचं बोलू.

तेव्हा आपल्याकडे काय चालायचं ते तुमच्या वडिलांना विचारा. व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत दोन-तीन कॅसेटी, ओट्यावर टीव्ही आणि पुढे अर्धी गल्ली. दिसायचं ते चित्र मुळात कापलेलं. जुना टीव्ही जवळपास चौकोनी, रुंदी उंचीच्या १.३३ पट. 'थंडरबॉल' (१९६५) पासून बहुतेक बाँडपट २.३५ पट रुंद आहेत. असं चित्र टीव्हीभर बसवायचं म्हणजे बाजू छाटायच्या, आणि हिशोब केला तर सुमारे ४३ टक्के चित्र जातं. 'थंडरबॉल'च्या शेवटी पाण्याखाली मोठी मारामारी आहे, एका बाजूला नारिंगी पोशाखवाले, दुसऱ्या बाजूला काळे. कॅसेटवर कोण कोणाला भाला मारतंय याचा पत्ता लागायचा नाही. माझे धुळ्याचे साडू प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचे, "हाऊ काय मरस नही, भो!" आता पूर्ण रुंदीत पाहिलं की ती लढाई कळते. जरा लांबलीय हेही कळतं.

या रुंदीपायी आणखी एक गंमत झाली. सुरुवातीला बंदुकीच्या नळीतून चालत येऊन आपल्यावर गोळी झाडणारा माणूस पहिल्या तीन चित्रपटांत बाँड झालेला शॉन कॉनरी नाहीच, तो स्टंटमन बॉब सिमन्स आहे. 'थंडरबॉल' रुंद पडद्यासाठी काढला म्हणून तो तुकडा नव्याने चित्रित करावा लागला, तेव्हा कुठे कॉनरी स्वतः नळीसमोर आला. डिस्कवर थांबवून पाहा, चाल वेगळी आहे.

आता मूळ मुद्दा. मी भुसावळ डिव्हिजनला मालगाडीचा गार्ड होतो, त्यामुळे माझं मत रुळांकडे झुकणार हे धरून चाला. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चा बराच भाग इस्तंबूलहून निघालेल्या ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये घडतो. बेलग्रेड येतं, झाग्रेब येतं, पण स्टेशन प्रत्येक वेळी इस्तंबूलचं सिरकेजीच आहे. त्याच एका स्टेशनवर सगळी स्टेशनं उरकली. भुसावळच्या माणसाला फलाट बदलला नाही हे लगेच दिसतं, आणि तरी तक्रार करावीशी वाटत नाही.

कारण त्या गाडीत खलनायक झालेला रॉबर्ट शॉ आहे. तो इंग्रज एजंट असल्याचं भासवून बाँडच्या डब्यात शिरतो. डायनिंग कारमध्ये माशाबरोबर रेड वाइन मागवतो (रीत व्हाइट वाइनची) आणि तिथेच बाँडच्या मनात पाल चुकचुकते. (आपल्याकडे हा सुगावा कोणाला लागला नसता, आपण शेवभाजीबरोबर काहीही पितो.) मग डब्यातला तो प्रसंग. बाँड गुडघ्यांवर, समोर पिस्तूल, आणि मधे ती काळी ब्रीफकेस. चुकीच्या पद्धतीने उघडली की टाल्कम पावडरच्या डब्यातून अश्रुधूर फुटतो, हे प्रेक्षकाला तासाभरापूर्वी दाखवून ठेवलंय. दाखवणारा डेस्मंड लेवेलिन. तो याच चित्रपटात पहिल्यांदा आला आणि १९९९पर्यंत बाँडला वस्तू पुरवत राहिला. बाँड सोन्याच्या नाण्यांचं आमिष दाखवतो, शॉ हावरटपणाने तशीच दुसरी ब्रीफकेस स्वतः उघडतो, आणि मग सुरू.

ही मारामारी बघताना कान उघडे ठेवा. संगीत नाही. फक्त चाकांचा आवाज, काच फुटल्याचा आवाज, दोघांचा धाप लागलेला श्वास. दिवा फुटतो, उरतो तो निळसर उजेड. अरुंद डबा, दोन धिप्पाड माणसं, हात मागे घ्यायलासुद्धा जागा नाही. दोघा नटांनी यातलं बरंचसं स्वतः केलंय. पण खरी करामत संकलक पीटर हंटची. प्रत्येक फटका लागायच्या किंचित आधीच तो कट मारतो. फोनवर या प्रसंगात नुसता काळोख दिसेल. जुन्या कॅसेटवरही तेच होतं, म्हणून तुमच्या वडिलांनी तो पाहिला असला तरी बघितलेला नाही असं मी म्हणेन. २००६च्या सुमाराला लॉरी डिजिटल या जुने चित्रपट दुरुस्त करणाऱ्या कंपनीने जुन्या चित्रपटांच्या निगेटिव्ह स्कॅन करून एकेक फ्रेम साफ केली, ओरखडे-धूळ काढली. ब्लू-रेवर येतं ते त्या कामातून. डब्याच्या लाकडाची नक्षी मोजता येते.

याच चित्रपटात बाँडचा तुर्की दोस्त केरीम बे आहे. तो रंगवणारा पेद्रो आर्मेंदारिझ शूटिंगच्या वेळी कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात होता. त्याचे प्रसंग घाईने आधी उरकले, आणि चित्रपट लागला तेव्हा तो हयात नव्हता. हे ठाऊक असताना त्याचं हसणं बघवत नाही, आणि नजरही हटत नाही.

रेल्वेचाच दुसरा म्हणजे 'ऑक्टोपसी' (१९८३). उदयपूर, कबीर बेदी, विजय अमृतराज, टेनिस रॅकेटने गुंड बडवणं, रिक्षांचा पाठलाग. आपल्या लोकांना तो एवढ्यासाठीच आठवतो. भारत दाखवलाय तो सापगारुडी आणि निखाऱ्यांवर चालणाऱ्यांचा, आता बघताना हसायला येतं आणि मधेच रागही. पण पूर्व जर्मनीच्या नावाखाली जी रेल्वे आहे (शूटिंग इंग्लंडातल्या नेने व्हॅली रेल्वेवर), ती बघाच. टायर फाटलेली मर्सिडीज बाँड नुसत्या रिमवर रुळांवरून पळवतो. तिथे दोन रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर, म्हणून जमतं. आपल्या ब्रॉडगेजला ते १६७६. इथे तीच गाडी दोन रुळांच्या मधे स्लीपरवर बसली असती आणि पुढचं काम एआरटीला, म्हणजे अपघात मदत गाडीला, बोलवायचं. डब्याच्या बाहेरून लटकताना यात बाँड झालेल्या रॉजर मूरचा स्टंटमन मार्टिन ग्रेस खरोखर धडकून गंभीर जखमी झाला होता. पडद्यावर ते जितकं गमतीचं वाटतं तितकं ते नव्हतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. 'गोल्डफिंगर' (१९६४) अजून झकास चालतो. त्यातला खलनायक झालेल्या जर्मन नटाचा आवाज दुसऱ्याच नटाचा आहे, साफ चित्रात ओठ बघितले की कळतं. पण गोठ्यातला एक प्रसंग आज बघवत नाही, सुनेसमोर रिमोट हातात ठेवा. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७) सेट डिझायनर केन अॅडमच्या ज्वालामुखीच्या सेटसाठी बघायचा. त्या एका सेटवर दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, म्हणजे मालिकेतला पहिला 'डॉ. नो' जवळजवळ अख्खा बनला तेवढ्यात. बाँडला जपानी बनवतात तो भाग पुढे ढकला. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) बघून तेव्हा बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, कारण कॉनरीच्या जागी जॉर्ज लॅझेनबी होता. मला तो 'फ्रॉम रशिया'च्या खालोखाल आवडतो. दिग्दर्शक तोच आपला संकलक पीटर हंट, आणि शेवट असा की वडिलांना आधी सांगू नका.

आता खरेदीचं. २०१२ला पन्नास वर्षांच्या निमित्ताने बावीस चित्रपटांचा ब्लू-रे संच आला होता, जुन्या बाजारात तो दिसतो. बाहेरून मागवताना डिस्कचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागात चालेल त्याचा कोड, तपासा; भारतात ब्लू-रेला सी आणि डीव्हीडीला ५ चालतो. बऱ्याच डिस्क कुठेही चालतात, पण विकणाऱ्याला विचारून घ्या, परत करण्याचा ताप नको. १९८३चा 'नेव्हर से नेव्हर अगेन' या संचात नाही, कॉनरी असूनही. 'थंडरबॉल'च्या कथेच्या हक्कांवरून भांडण झालं होतं, त्यातून तो वेगळ्या निर्मात्यांनी काढला. वडील तो मागतीलच, तो वेगळा घ्यावा लागेल.

आणि उन्हाळ्यात बघणार असाल तर सबटायटल चालू ठेवा. आपल्याकडचा कूलर फुल स्पीडवर असला की कॉनरीची हळू आवाजातली वाक्यं ऐकूच येत नाहीत. सेटिंगमध्ये मूळ मोनो (एकाच वाहिनीवरचा आवाज) ट्रॅक दिसला तर तोही लावून बघा; माझ्या टीव्हीवर त्यात संवाद पुढे येतात आणि स्फोट जरा शहाण्यासारखे वागतात.