चुंबक चिकटला नाही म्हणजे भांडं अस्सल?

प्रश्न : कपाटाच्या दाराला निओडिमियमचे छोटे चुंबक लावले. गोंद लवकर सुकावा म्हणून हीट गन फिरवली, तर आता ते नावालाच चिकटतात. चुंबकत्व गेलं कुठे? (सुतारकाम करणारे वाचक, नाशिक)

उत्तर : गेलं नाही, विस्कटलं. लोखंडाचा प्रत्येक अणू इलेक्ट्रॉनमुळे इवलासा चुंबकच असतो. अशा अणूंचे गट एका दिशेला तोंड करून असतात. त्यांना डोमेन म्हणतात. साध्या लोखंडात हे गट वाटेल त्या दिशांना असल्याने एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. कायमचा चुंबक करताना जोरदार चुंबकीय क्षेत्र देऊन सगळ्यांना एका दिशेला वळवतात, आणि धातूंचं मिश्रण असं निवडतात की ते सहजी परत फिरू नयेत. हीट गनच्या उष्णतेने तेच गट पुन्हा विस्कटले.

निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक १९८०च्या दशकात जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी तयार झाले. ताकदीत ते सगळ्यांच्या वर, पण उष्णता सोसत नाही. साध्या प्रतीचे साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायचे. ३१० अंशांच्या आसपास चुंबकत्व पूर्ण जातं आणि गार झाल्यावर आपोआप परतत नाही. उष्ण जागी सॅमेरियम-कोबाल्ट चालतो, पण तो महाग आणि ठिसूळ. अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट, ५०० अंशांनाही टिकतो. उलट्या दिशेच्या चुंबकीय क्षेत्रापुढे मात्र लवकर हार मानतो. स्पीकरमागची काळी गोल चकती असते ती फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेल्या पदार्थाची. स्वस्त, आणि गंजत नाही. खरं सांगू का, कपाटाच्या दाराला तीच पुरे. आणि गोंद रात्रभर सुकू द्या.

प्रश्न : चुंबक चिकटला नाही तर स्टील अस्सल, असं दुकानदार म्हणतो. खरं का? (गृहिणी, सांगली)

उत्तर : अर्धवट. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे अणूंची रचना बदलते आणि चुंबक लागत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०२ प्रतीलाही तो लागत नाही, म्हणजे तुमची परीक्षा तिथेच फसली. उलट ४३० प्रतीला चुंबक घट्ट चिकटतो आणि तेही स्टेनलेसच. इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला असं चिकटणारं स्टील लागतंच. शिवाय ३०४च्या भांड्याचा काठ वळवताना पत्र्यावर ताण येतो, त्यामुळे तिथे चुंबक जरासा ओढला जातो. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

प्रश्न : फ्रिजवरचा लवचीक चुंबक एकाच बाजूने का चिकटतो? (सातवीतला विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तो रबरात फेराइटची पूड मिसळून बनवतात. एका बाजूवर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे ध्रुवांचे बारीक पट्टे उमटवतात. ओढ त्या बाजूला एकवटते. पाठ जवळपास कोरडी. असे दोन चुंबक चिकटत्या बाजूंनी एकमेकांवर सरकवून बघ, टकटक गचके बसतील. ते पट्टेच!

प्रश्न : चुंबकाच्या कड्याने रक्तदाब उतरतो का? (निवृत्त शिक्षक, धुळे)

उत्तर : नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. एमआरआयच्या १.५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) इतक्या जोरदार क्षेत्रातही रक्त ओढलं जात नाही. कड्याचं तर त्यापुढे काहीच नाही. गोळी चालू ठेवा. पेसमेकर बसवलेला असेल तर मात्र असलं कडं घालू नका, चुंबक छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर हवा.