शोपँचा पियानो दिवाणखान्यातला

प्रश्न : एनसीपीएत मागच्या रांगेतून शोपँचं नॉक्टर्न (रात्रीच्या शांत भावाची पियानो-रचना) ऐकलं. फारच नाजूक वाटलं. तो स्वतः असाच वाजवायचा का? – एक वाचक, दादर

उत्तर : याहूनही हळू! एकोणिसाव्या शतकातल्या या पोलिश संगीतकाराला मोठ्या सभागृहांचा मनापासून तिटकारा. उभ्या आयुष्यात त्याचे जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक झाले. तो रमला पॅरिसच्या दिवाणखान्यांत. तिथली १८४८ची शेवटची मैफलही प्लेयेल या पियानो बनवणाऱ्या कंपनीच्या दालनात, सुमारे ३०० श्रोत्यांपुढे झाली. प्लेयेलचा पियानो हलक्या बोटानंही बोलायचा. आजच्या ग्रँड पियानोचा ओतीव लोखंडी सांगाडा तारांचा कितीतरी टन ताण पेलतो, म्हणून त्याचा आवाज सभागृह भरतो. गिरगावात घरगुती बैठकीत बिनमाइकचं गाणं ऐकलं असेल, तर फरक लगेच कळेल. पुढच्या वेळी डावीकडची पुढची खुर्चीच घ्या, अगदी आग्रहानं सांगते. दोन्ही हात दिसतात : डावा लय धरून असतो, उजवा मोकळा गातो.