एकट्या तलंगेला जुन्या कोंबड्यांमध्ये कसं रुळवावं?

तुम्ही लिहिलंय की सहा पिल्लांतली एकच मादी जगली, ती पडवीत खोक्यात वाढवली आणि आता दहा आठवड्यांची झाली आहे. परसात पाच जुन्या कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. तिला सोडलं की कोंबड्या डोक्यावर चोची मारतात, आणि शेजारी म्हणतात, 'रात्री खुराड्यात ठेवून द्या, सकाळी कळणारही नाही.'

आज रात्री तसं करू नका. मी ते केलं आहे. आमच्याकडे कुडाळच्या बाजूला आठवडी बाजारातून एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणली होती, साधारण याच वयाची. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, म्हणून रात्री दांडीवर बसवली तर कुणी काही करत नाही, हे खरंच आहे. पण पहाटे उजेड येतो आणि आपण झोपलेले असतो. मी सहा वाजता खुराडा उघडला तेव्हा ती कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती आणि डोक्याच्या मागची कातडी सोललेली होती. बंद खुराड्यात तिला पळायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती गेली. तो दोष कोंबड्यांचा नव्हता, माझा होता.

कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची उतरंड पक्की असते. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1922 साली ती पहिल्यांदा नीट मांडली, पण आपल्या आज्यांना ती डोळ्यांनी ठाऊक होती. नवीन पक्षी आला की सगळी उतरंड पुन्हा ठरते. एकटी आली तर पाचही जणींची चोच तिच्या एकटीवर पडते. म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: तिला जोडीदारीण आणा. तिच्याच वयाची, तिच्याच अंगाची. मार वाटला जातो, आणि त्याहून मोठं म्हणजे ती घाबरून उपाशी बसत नाही. दोघी मिळून चरतात, रात्री एकमेकींना चिकटून बसतात. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचे गट देतात, 25 माद्या आणि 3 नर. गावात कोणाला तसा गट मिळाला असेल तर त्यांच्याकडे एक मागून पाहा. कोंबडा मात्र नको, मादीच.

बाहेरून आणलेली तलंग लगेच कोणातही मिसळू नका. तीन आठवडे तिला घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा, तिचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि तिचं सगळं तुमच्या कोंबड्यांचं झाल्यावर शेवटी करा. मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) आली तर सगळा परस रिकामा होतो. तुमच्या तलंगेला पिल्लू असताना लासोटाचे, म्हणजे मानमोडीच्या लशीचे, थेंब दिले होते का ते लिहिलेलं नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मानमोडीची आठव्या आठवड्यानंतरची लस दोघींना टोचून घ्या, जुन्यांचंही विचारा. मिसळण्याच्या आदल्या दिवशी मात्र लस नको, एका वेळी एकच ताण.

तीन आठवडे झाले की दोघींना एकत्र करा आणि त्यांचा पिंजरा जुन्या कोंबड्या चरतात तिथेच मांडा. मध्ये फक्त जाळी. डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची टोपली) असेल तरी चालेल, पण फटीतून चोच आत जाणार नाही असं बघा. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ दाणे टाका, म्हणजे समोरासमोर खायची सवय होते. पुढच्या वेळी आम्ही असंच केलं, तेव्हा पहिले चार दिवस आमची म्हातारी काळी कोंबडी जाळीवर उड्या मारत होती. आठव्या दिवशी ती तिथेच राखेत लोळत पडली होती, आत तलंगा काय करताहेत याकडे लक्षही नव्हतं. तेव्हा मला कळलं की आता सोडायला हरकत नाही. दहा दिवस धरून चाला, घाई नको. माझं मत विचाराल तर बारा आठवड्यांच्या आत सोडूच नये. अंग जितकं भरेल तितकी ती टिकते.

सोडायचं ते संध्याकाळी, चरायला तास-दीड तास उरलेला असताना, मोकळ्या परसात, आणि तुम्ही स्वतः तिथे थांबून. दाणा-पाणी तीन ठिकाणी, लांब लांब. लपायला भिंतीला टेकवलेली फळी, उपडी टोपली, झावळ्यांचा ढीग. मी फळीखाली फक्त तलंग शिरेल एवढीच फट ठेवली होती, आणि ती पहिल्याच दिवशी उपयोगी पडली. एखाद-दुसरी चोच, पाठलाग, ओरडणं हे होऊ द्या, मध्ये पडू नका. रक्त दिसलं की लगेच उचला, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. हळद लावून जखम सुकेपर्यंत वेगळी ठेवा. रात्री त्या पुन्हा आपल्या पिंजऱ्यात. खुराड्यात नेण्याची घाई नको, ते शेवटी करा, आणि नेल्यावर पहिले आठ दिवस पहाटे उजाडण्याआधी उठून दार उघडा.

एखादीच कोंबडी जास्त त्रास देत असेल तर तलंगेला नव्हे, तिलाच चार दिवस नजरेआड ठेवा. परत येते तेव्हा ती स्वतः नवीन असते आणि तिचा जोर कमी झालेला असतो. आमच्या काळीला असंच ठेवावं लागलं.

खाण्याचं एक लक्षात ठेवा. जुन्यांचं अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तलंगेला नको, त्यातल्या जास्त चुन्याने (कॅल्शियमने) तिच्या मूत्रपिंडांना त्रास होतो. सगळ्यांना वाढीचं खाद्य आणि कणी-बाजरी द्या, आणि खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून-कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना गरज आहे त्या आपणहून खातात. रोज संध्याकाळी तलंगेच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. भरलेली लागली तर तिला खायला मिळतंय. दोन दिवस रिकामी लागली तर पिंजऱ्यात परत.

पाऊस लागलेला असेल तर जमीन सुकेपर्यंत थांबा. ओल्या मातीत या वयाला रक्ती हगवण पटकन धरते.

तिच्या डोक्यावर आत्ता जखम आहे का, आणि पाचांतली जास्त कोण टोचते, ते कळवा. जखम उघडी असेल तर माशा बसून अळ्या पडण्याआधी दवाखान्यात दाखवा, बाकी सगळं नंतर.